पहाऱ्यावरचे भय : भयपट आणि रात्रीचा रखवालदार

१

भयपटाविषयी लिहिताना समीक्षक बहुधा भुताविषयी लिहितात, पछाडलेल्या व्यक्तीविषयी लिहितात किंवा पछाडलेल्या वास्तूविषयी लिहितात. त्या वास्तूच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या माणसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक त्या वास्तूत रात्रभर जागे राहणे हे ज्याचे काम आहे, असा तो एकटाच असतो. घरातली माणसे झोपलेली असतात, भूत उठलेले असते आणि या दोहोंच्या मध्ये तो असतो. झोपलेल्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसण्याची शक्यता सर्वाधिक. असे असूनही भयकथेचा निवेदक तो क्वचितच असतो, आणि नायक तर जवळजवळ कधीच नसतो.

या अनुपस्थितीचे कारण पात्रयोजनेच्या सोयीत शोधता येईल. रखवालदार हे गौण पात्र, त्याला दोन-तीन प्रसंगांपेक्षा अधिक जागा कशी मिळणार, असे म्हणून प्रश्न निकालात काढता येईल. परंतु एखादे पात्र गौण का ठरते, हाच मुळात समीक्षेचा प्रश्न आहे. भयपट पाहताना आपण ज्या भयाशी समरस होतो ते भय नेमके कोणाचे असते? पडद्यावरचे दार करकरते तेव्हा दचकणारे मन घरमालकाचे असते, भाडेकरूचे असते, की दारावर नेमलेल्या माणसाचे? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, रखवालदाराच्या जागेवरून दिसणारे भय आपल्या भयपटाने जवळपास टाळले आहे. ती जागा एक तर त्याने वरच्या थरातील नायकाला उसनी दिली आहे, किंवा त्या जागेवरच्या माणसाला लवकरात लवकर मारून टाकले आहे. या विवेचनासाठी रामगोपाल वर्मा यांचा ‘भूत’ (२००३) हा चित्रपट केंद्रस्थानी ठेवून त्याच्या मागेपुढे असलेल्या काही कृतींचा विचार येथे केला आहे. भयाची मालकी कोणाकडे जाते, हे पाहणे हा त्यामागील हेतू आहे.

२

आरंभ चित्रपटापासून न करता लोकसमजुतीपासून करणे इष्ट आहे. कारण भूत आणि रखवालदार यांची तेथे मुळात फारकतच झालेली नाही. कोकणात आणि गोव्यात ‘राखणदार’ ही संकल्पना आजही जिवंत आहे. गोव्यात त्याला ‘देवचार’ असेही म्हणतात. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायांत वहाणा अशा वेषात तो रात्री गावाच्या हद्दीत फिरतो, वाट चुकलेल्याला मार्गी लावतो आणि मर्यादा मोडणाऱ्याला शासन करतो, अशी श्रद्धा आहे. वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहण्याची प्रथा आहे. रात्रभराच्या फेऱ्यांनी त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या द्यायच्या! राखणदारालाही ठरावीक दिवशी त्याचे देणे पोचवावे लागते. कोठे रोट, कोठे विडी, कोठे दारू.

या कल्पनेत तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, येथे भूत काम करते. ते पहाऱ्यावर नेमलेले असते. दुसरी, त्या कामाचा मोबदला ठरलेला असतो. तिसरी, मोबदला चुकला तर राखणदार कोपतो आणि तो कोप रास्त मानला जातो. म्हणजे गावाचे त्याच्याशी असलेले नाते भयाचे आहे, तसेच ते व्यवहाराचेही आहे. अपरात्री काठीचा किंवा वहाणांचा आवाज आला, तर अंथरुणावरचा माणूस दचकतो आणि निश्चिंतही होतो. आपला माणूस फेरीवर आहे, एवढा त्या आवाजाचा अर्थ असतो.

या दैवी रखवालदाराला गावगाड्यात मानवी जोड होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात गावच्या राखणीची व्यवस्था तपशिलाने आली आहे. रामोशी, जागल्या, तराळ ही नावे त्या व्यवस्थेतली. जागणे हे येथे जातीचे कर्तव्य होते आणि ते वंशपरंपरेने चालत होते. महार वतनाचे हे जोखड सैल करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने नष्ट होण्यास मात्र १९५८ साल उजाडावे लागले. गावाच्या शिवेवर असे दोन राखणदार उभे होते. एकाला नैवेद्य होता, दुसऱ्याला उष्टी-शिळी भाकरी. एकाच्या कोपाला गाव भीत असे. दुसऱ्याने कोपायचे नाही, असा नियम होता. काम मात्र दोघांचे एकच होते. आपल्या भयकथेतील रखवालदाराचे मूळ शोधायचे तर ते या जोडीत शोधावे लागेल.

वतन गेले, पण काम गेले नाही. ते शहरात आले आणि पगारी झाले. १९८१ साली महाराष्ट्राने खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांसाठी स्वतंत्र अधिनियम केला. ही माणसे कायद्याने संरक्षण द्यावे लागेल इतक्या असुरक्षित स्थितीत काम करीत होती, याची ती शासकीय कबुलीच होती. नागपूरच्या ले-आउटांमधून रात्री गुरखा फिरतो. विजेच्या खांबावर त्याची काठी वाजते, मग शिटी ऐकू येते, आणि झोपेतला माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारावर थाप पडते तेव्हाच त्या आवाजाला चेहरा मिळतो. भयपटाने नेमका हाच ध्वनी उलटवला आहे. रात्रीच्या शांततेत पावले वाजणे, काहीतरी आपटणे, कोणीतरी फेरी घालीत असणे हे सारे ध्वनिसंकेत एके काळी राखणीचे होते. पडद्यावर ते संकटाचे झाले. ध्वनी तोच राहिला, पण ऐकणाऱ्याचा फेरी घालणाऱ्याशी असलेला करार तुटला.

३

रखवालदाराची जागा उसनी देण्याची परंपरा चित्रपटाहून जुनी आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा पहिला प्रवेश हा पछाडलेल्या वास्तूवरील रात्रपाळीचा प्रवेश आहे. एल्सिनोरच्या तटावर पहारा बदलतो, आणि भूत प्रथम दिसलेले असते ते बर्नार्डो व मार्सेलस या पहाऱ्यावरच्या माणसांना. परंतु भूत त्यांच्याशी बोलत नाही. त्याच्याशी बोलण्यासाठी होरेशिओला बोलावून आणावे लागते. तो शिकलेला आहे, एवढीच त्याची पात्रता. अखेरीस भूत बोलते ते राजपुत्राशी, तेही एकांतात. त्यानंतर साक्षीदारांकडून मौनाची शपथ घेतली जाते आणि पहारेकरी नाटकातून नाहीसे होतात. यांतील फ्रान्सिस्को हा सर्वांत विसरला गेलेला. पाळी संपवून जाताना थंडीने गारठल्याचे आणि मन उदास झाल्याचे तो सांगतो. ते का, हे त्याला कोणीही विचारीत नाही. आगरकरांनी ‘विकारविलसित’ (१८८३) या नावाने हे नाटक मराठीत आणले आणि डोंगरीच्या तुरुंगात असताना त्यावर काम केले, ही गोष्ट येथे आठवते. पहाऱ्याचा प्रवेश मराठीत आणणारा लेखक स्वतः पहाऱ्यात होता! मराठी समीक्षेने मात्र पुढे चर्चा केली ती राजपुत्राच्या विकारांची. तटावरच्या थंडीची नव्हे.

आपल्याकडील उदाहरण याहून अधिक बोलके आहे. भारतीय कथाचित्रपटाचा आरंभ मानला जाणारा दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आणि मराठी बोलपटाचा आरंभ करणारा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हे दोन्ही चित्रपट हरिश्चंद्राच्या कथेवर आधारलेले आहेत. या कथेच्या पौराणिक रूपात राजा डोंबाचा दास होतो आणि स्मशानाची राखण करतो. स्वतःच्या मुलाचे प्रेत घेऊन आलेल्या पत्नीकडेही त्याला स्मशानाचे देणे मागावे लागते. भारतीय परंपरेतला हा सर्वांत प्रसिद्ध रात्रीचा रखवालदार, आणि तो राजा आहे. त्याच्या दुःखाचे मोल त्याच्या पतनात आहे. राजाला हे करावे लागले, म्हणून आपण हळहळतो. जो डोंब पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करीत आला त्याच्या वाट्याला ही हळहळ येत नाही. पहारा ही कथेसाठी परीक्षा आहे. परीक्षा संपली की राजा सिंहासनावर परततो आणि स्मशान मूळच्या रखवालदाराकडे राहते.

या रचनेला ‘उसना पहारेकरी’ असे म्हणता येईल. अलीकडच्या परदेशी भयपटांतही ती आढळते. डॅनिश ‘नाटेवाख्तेन’ (१९९४) या चित्रपटात शवागारात रात्रीचा पहारा करणारा तरुण हा कायद्याचा विद्यार्थी आहे. नोकरी त्याच्यासाठी तात्पुरती आहे. कोरियन ‘इन्टू द मिरर’ (२००३) मधील सुरक्षाप्रमुख हा पूर्वाश्रमीचा पोलीस तपासनीस आहे. या चित्रपटाच्या ‘मिरर्स’ (२००८) या अमेरिकी आवृत्तीत जळून गेलेल्या दुकान-इमारतीत रात्रपाळी करणारा नायक हाही निलंबित तपासनीसच. कुब्रिकच्या ‘द शायनिंग’ (१९८०) मध्ये हिवाळ्यात बंद असलेल्या हॉटेलची राखण पत्करणारा माणूस लेखक आहे आणि लिहायला निवांतपणा मिळावा हा त्याचा हेतू आहे. म्हणजे कॅमेरा रखवालदाराच्या खुर्चीवर बसायला तयार असतो, पण त्या खुर्चीवर मुळात दुसराच कोणीतरी असावा, अशी त्याची अट असते. प्रेक्षकाने ज्याच्याशी एकरूप व्हायचे त्या माणसाला परतीचा रस्ता असला पाहिजे, असा हा अलिखित नियम दिसतो.

शेवटच्या दोन आशियाई-अमेरिकी उदाहरणांत पछाडलेली वास्तू ही मोठी दुकान-इमारत आहे, ही बाब नागपूरच्या वाचकाला विचार करायला लावणारी आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांनी नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल आता नाही. गिरणीच्या जागेवर मॉल उभा आहे. भयपटाच्या संकेतानुसार अशा वास्तूचा भूतकाळ म्हणजे एखादा खून, एखादी आग, एखादे वेड्यांचे इस्पितळ. परंतु जिथे रात्रपाळीचा भोंगा वाजत असे, तिथे आता सुरक्षारक्षकाची रात्रपाळी चालते, हा भूतकाळ कोणत्याही खुनापेक्षा कमी अस्वस्थ करणारा नाही. तो पडद्यावर आणायचा तर आरशातून डोकावणारी एक मृत स्त्री पुरणार नाही. आणि तपासनीसही पुरणार नाही. कारण येथे शोधून काढण्याजोगा एकच एक गुन्हेगार नाही.

४

हिंदी चित्रपटातील पछाडलेल्या वास्तूंमध्ये कमाल अमरोहींचा ‘महल’ (१९४९) हा आद्य मानला जातो. ओसाड हवेलीत आलेल्या नव्या मालकाला जुन्या मालकाची आणि त्याच्या प्रेयसीची हकिकत सांगतो तो तिथला माळी. पुढे रात्री जी स्त्री दिसू लागते ती भूत नसून त्या माळ्याचीच मुलगी असल्याचे उघड होते. ‘महल’कडे पुनर्जन्माचा आभास निर्माण करणारी प्रेमकथा म्हणून पाहिले गेले आहे. राखणीच्या अंगाने पाहिले तर त्याचा वेगळाच अर्थ लागतो. रिकाम्या वास्तूची देखभाल करणाऱ्या घरात एक मुलगी वाढते, त्या वास्तूच्या गोष्टीवर पोसली जाते आणि तिची मालकीण होण्याचे स्वप्न पाहते. मालकिणीच्या रूपात उघडपणे जिन्यावरून उतरणे तिला शक्य नाही. भूत होऊनच ती तिथे वावरू शकते. म्हणजे भूत हे तिने वर्गाची सीमा ओलांडण्यासाठी घेतलेले सोंग आहे. १९४९ साली राखणदार आणि भूत यांचे जुने नाते हिंदी पडद्यावर अशा रीतीने क्षणभर पुन्हा जुळले होते. चित्रपटाला त्याची किती जाणीव होती, हा भाग निराळा.

‘भूत’मध्ये ते नाते पूर्णपणे उलटते. हवेली जाऊन मुंबईतील उंच इमारतीतला फ्लॅट येतो. रामसे बंधूंच्या पटांतील कंदील घेतलेला म्हातारा नोकर जाऊन गणवेशातला वॉचमन येतो. विशाल (अजय देवगण) आणि स्वाती (ऊर्मिला मातोंडकर) हे जोडपे या फ्लॅटमध्ये राहायला येते. तिथे पूर्वी एका स्त्रीचा मृत्यू झाल्याचे विशालला माहीत असते. स्वातीपासून तो ते लपवतो. चित्रपटात एकही गाणे नाही, आणि ध्वनीचा वापर अत्यंत हिशेबी आहे. लिफ्ट, जिने, वाहनतळ या मधल्या जागा भयाच्या जागा होतात. या मधल्या जागा कोणाच्याच मालकीच्या नसतात. तिथे कायम असतो तो फक्त वॉचमन. म्हणूनच सुरुवातीपासून त्याच्या चेहऱ्यावर संशयाची सावली पाडली जाते. मोलकरणीच्या (सीमा बिस्वास) बाबतीतही हाच प्रयोग होतो. मध्यमवर्गीय घराला ज्यांच्यावाचून चालत नाही त्या दोन माणसांचे चेहरे येथे भयाचे पूर्वसंकेत ठरतात.

पुढे मृत मंजीत स्वातीच्या शरीराचा ताबा घेते, आणि तिच्या सूडाचा पहिला बळी वॉचमन ठरतो. तो मरतो तेव्हा प्रेक्षकाला कारण ठाऊक नसते. मान पिरगळलेला एक देह एवढेच त्याच्यासमोर असते. कारण पुष्कळ उशिरा कळते. घरमालकाचा मुलगा संजय याच्या वासनेपायी मंजीतचा जीव गेला. तिच्या लहान मुलाने ते पाहिले होते, म्हणून संजयने त्या मुलाला वॉचमनकरवी संपवले. म्हणजे वॉचमनने गुन्हा केलेला आहेच, आणि तो भयंकर आहे. त्याला निर्दोष ठरवण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न आहे तो संहितेने या गुन्ह्याची वाटणी कशी केली याचा.

ही वाटणी तीन ठिकाणी दिसते. एक म्हणजे क्रम. हुकूम पाळणारा आधी मरतो, हुकूम देणारा शेवटपर्यंत राहतो. दुसरी गोष्ट नावाची. संजयला नाव आहे, वडील आहेत, कबुलीजबाबाचा प्रसंग आहे आणि अखेरीस कोठडीतला स्वतंत्र प्रवेश आहे. दुसरा माणूस पात्रयादीत केवळ ‘वॉचमन’ आहे. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. संजयचा गुन्हा आपल्याला पूर्वदृश्यातून, त्याच्या आवेगासह दाखवला जातो. त्या पोराला मारायला सांगितले गेले तेव्हा वॉचमनच्या मनात काय झाले असेल, त्याने नकार दिला असता तर काय झाले असते, नंतरच्या किती रात्री तो त्याच इमारतीखाली जागत बसला असेल, याचा एकही क्षण संहितेत नाही. वास्तविक पाहता या चित्रपटातील खरा पछाडलेला माणूस तोच आहे. ज्या इमारतीत आपल्या हातून मूल मारले गेले त्याच इमारतीचा रात्रीचा पहारा तो पगारासाठी करीत राहिला. भयपटाला याहून समर्थ मध्यवर्ती प्रतिमा सुचणे कठीण. ‘भूत’ने ती हाताशी असून टाकून दिली, कारण त्याला फ्लॅटमधल्या जोडप्याची झोप परत मिळवून द्यायची होती. शेवटी ती मिळते. भूत इमारत सोडून संजयच्या कोठडीत जाते. वॉचमनच्या रिकाम्या जागेवर आता कोण बसते, हे चित्रपट विचारीत नाही.

५

या टाळण्याला केवळ व्यावसायिक कारणे आहेत असे वाटत नाही. भयाची जी सैद्धांतिक परिभाषा आपण वापरतो तीच मालकाच्या बाजूने झुकलेली आहे. फ्रॉइडने १९१९ सालच्या निबंधात ज्या अनुभवाला ‘उनहाइमलिश’ म्हटले, त्या शब्दाच्या पोटातच घर आहे. जे घरचे, परिचित, आपले होते तेच परके होऊन परतते, तेव्हा हे विशिष्ट भय उपजते. पछाडलेल्या वास्तूंच्या बहुतेक सर्व समीक्षा या सूत्रावर उभ्या आहेत. पण जो त्या वास्तूत राहतच नाही त्याचे काय? रखवालदारासाठी इमारत कधीच घर नव्हती. फाटक, जिन्याखालची जागा, पाण्याच्या टाकीजवळची खोली हाच त्याचा अवकाश. जे परिचितच नव्हते ते अपरिचित कसे होणार? तोदोरोव्हने (१९७०) अद्भुताची व्याख्या नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील दोलायमानतेवर बेतली. ती दोलायमानताही एक चैन आहे. पहाऱ्यावरच्या माणसाला आवाज आला तर तो भुताचा की चोराचा, यावर विचार करीत बसता येत नाही. उठून पाहावे लागते. भूत असेल तर जीव जाईल, चोर असेल तर नोकरी जाईल.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. ज्या गोष्टीतून हा चित्रपट वाढला ती बर्वे यांनी १९९३ साली विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राकडून ऐकली होती. तिचे मूळ नारायण धारपांच्या कथेत आहे. शीर्षकाने श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’चे स्मरण होते. २०२४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याला पहिल्या वेळेपेक्षा मोठा प्रेक्षक लाभला. चित्रपटाच्या पहिल्या भागात, १९१८ सालच्या तुंबाडात, साखळदंडाने बांधलेल्या शापित म्हातारीजवळ लहानग्या विनायकाला रात्री एकट्याने राहावे लागते. तिला खाऊ घालायचे आणि पुन्हा झोपवायचे, एवढे काम आईने त्याला नेमून दिलेले आहे. हा रात्रीचा पहाराच आहे. येथे कॅमेरा पहाऱ्यावरच्या मुलाची जागा सोडत नाही, आणि म्हणून या प्रसंगाचे भय निराळ्या जातीचे आहे. वास्तू परकी, काम नेमून दिलेले, आणि चूक झाली तर जाब विचारणारे कोणी उरणारही नाही, असे ते भय आहे.

परंतु पुढे ‘तुंबाड’ही वळण घेतो. विनायक मोठा होऊन परततो तो खजिन्याचा हक्कदार म्हणून. तो सरकारांचा अनौरस मुलगा आहे. रक्ताने वारस आहे. पहारा त्याच्यासाठी मालकीची पूर्वतयारी ठरतो. त्याच्या जागी वाड्यावरचा पगारी गडी असता तर ही कथा कोणत्या दिशेने गेली असती? लोभाची शोकांतिका व्हायला आधी हक्काची भावना असावी लागते. गड्याला ती परवडत नाही. हरिश्चंद्र सिंहासनावर परततो आणि विनायक खजिन्याच्या विहिरीत उतरतो; दोघांच्या दिशा उलट असल्या तरी दोघेही पहाऱ्यावर पाहुणेच.

६

मग रखवालदाराचे स्वतःचे भय मराठीत कोठेच आले नाही काय? आले आहे, पण भयकथेत नव्हे. शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मकथनाच्या नावातच पहारा आहे. तराळ म्हणजे गावकामगार महार. या ग्रंथातील विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग इंग्रजी अनुवादातून अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या संग्रहातही (१९९२) आला आणि दूरवर पोचला. विहिरीत प्रेत सापडते, गावकीच्या पाळीवर असलेल्या वडिलांना त्या प्रेताची राखण करावी लागते, आणि पोलीस येतात तेव्हा विहिरीत उतरण्याचा हुकूमही त्यांनाच होतो. आत साप आहे, हे सांगूनही हुकूम बदलत नाही. काठावर मुलगा उभा आहे.

भयपटाला लागणारी सर्व सामग्री येथे आहे. काळोख आहे, विहीर आहे, फुगलेला मृतदेह आहे, साप आहे, पहाऱ्यावरचा एकटा माणूस आहे. तरीही या प्रसंगात प्रेताची भीती वाटत नाही. भीती वाटते ती काठावरून येणाऱ्या आवाजाची. प्रेत उठणार नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. हुकूम मात्र मागे घेतला जाणार नाही, हेही सर्वांना ठाऊक आहे. ‘भूत’मधल्या त्या निनावी माणसालाही एके रात्री असाच एक हुकूम मिळाला होता. खरातांच्या वडिलांनी तो पाळला तेव्हा धोका त्यांच्या स्वतःच्या जिवाला होता. वॉचमनने पाळला तेव्हा दुसऱ्याचा जीव गेला. हा नैतिक भेद पुसता येणार नाही. तथापि दोघांच्या भयाची जात एकच आहे. ते उत्तरदायित्वाचे भय आहे, आणि ज्याला उत्तर द्यायचे तो नेहमी वरच्या बाजूला उभा असतो.

यावर एक आक्षेप संभवतो. भुताच्या जागी फौजदार आणला की भयपट संपतो आणि सामाजिक वास्तवपट सुरू होतो. मग भयपट या प्रकाराकडे अशी अपेक्षा करणेच चुकीचे नाही का? आक्षेप विचारार्ह आहे. आणखी एक धोकाही आहे. रखवालदाराला भुताची भीती वाटतच नाही, त्याला केवळ मालकाची भीती वाटते, असे म्हणणे म्हणजे समीक्षकाने स्वतःचा बुद्धिवाद त्याच्यावर लादणे होय. पहाऱ्यावरची माणसे भुते मानतात. न मानणारेही पिंपळ टाळून फेरी घालतात. परंतु आरंभी पाहिलेल्या राखणदाराच्या कल्पनेत या दोन्ही अडचणींवर तोड आहे. तिथे भूत खरे आहे आणि तेही पहाऱ्यावर आहे. विडी ठेवली की त्याच्या हद्दीतून जाता येते. पहाऱ्यावरच्या माणसाचे भुताशी नाते भक्ष्याचे किंवा संशोधकाचे नसून दुसऱ्या पाळीवरच्या माणसाचे असू शकते. मंजीतचे भूत रात्री खाली उतरते आणि वॉचमनसमोर उभे राहते, या प्रसंगात दोघांनाही त्या इमारतीविषयी एक अशी गोष्ट ठाऊक असते जी वर झोपलेल्या एकाही भाडेकरूला ठाऊक नसते. त्या दोघांमध्ये काय बोलणे झाले असते? मान पिरगळून तो संवाद टाळण्यात आला. भयपटाने भूत सोडावे असे म्हणण्याची गरज नाही. भुताला पहारेकऱ्याशी बोलू द्यावे, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

देरिदाने १९९३ साली मार्क्सच्या भुतांविषयी लिहिताना एल्सिनोरच्या तटावरचा तोच प्रवेश समोर ठेवला, आणि भुताशी बोलू शकेल असा विद्वान अजून यायचा आहे, अशी आशा व्यक्त केली. मुद्दा मार्मिक आहे; पण त्यातही पहारेकरी दुय्यमच राहतात. विद्वानाला तटावर कोणी आणले, हे देरिदाही पुढे नेत नाही. भूत पहिल्यांदा पाहिले ते पहाऱ्यावरच्या माणसांनी, एकदा नव्हे तर लागोपाठ दोन रात्री. त्यांनी ते सांगितले म्हणून होरेशिओ आला, आणि त्याने सांगितले म्हणून राजपुत्र आला. साक्ष वर सरकत गेली आणि साक्षीदार खाली राहिले. भयपटाच्या समीक्षेचेही असेच झाले आहे. तिने भुताचा अर्थ लावला, घराचा लावला, स्त्रीदेहाचा लावला. हे सारे आवश्यकच होते. फाटकापाशी ठेवलेली आत-बाहेर करणाऱ्यांच्या नावांची वही मात्र तिने अजून उघडलेली नाही. तिच्यात त्या इमारतीत आलेल्या प्रत्येकाचे नाव आणि वेळ असते. ती लिहिणाऱ्याचे नाव तेवढे नसते.